मुक्काम मुंबई, पोस्ट परतूर

या पुस्तकातल्या माणसांना 'कागद नसलेली माणसं' म्हणावं की नाही, यावर आम्हा संपादकांत बरीच खडाजंगी झाली. कारण कागद त्यांच्याकडे रग्गड आहेत. मानखुर्दच्या एका खोलीत खुंटीला टांगलेली कापडदुकानाची पिशवी घरातल्या बाईंनी आमच्यापुढे चटईवर रिकामी केली. परतूर तालुक्यातल्या गावचं केशरी रेशनकार्ड, घड्या पडून चार तुकडे झालेलं आणि चिकटपट्टीनं जोडलेलं. नवऱ्याचं मतदार ओळखपत्र, पत्ता गावचा. बाईंचं आधार, नाव माहेरचं. मोठ्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, धाकटीचं लसीकरणाचं कार्ड, खोलीच्या आधीच्या मालकाच्या नावाचं वीजबिल, आणि एका माजी नगरसेवकाच्या लेटरहेडवरचं 'सदर इसम माझ्या चांगल्या परिचयाचे असून' असं पत्र. शिवाय या सगळ्यांच्या झेरॉक्स आणि त्या झेरॉक्सच्याही झेरॉक्स. यातला एकही कागद खोटा नव्हता. त्यांना नळजोडणीचा अर्ज करायचा होता, आणि त्या कामाला यातला एकही कागद पुरेसा नव्हता.

माणूस खरा, कागदही खरे, पण टेबलापुढे दोघांची ओळख पटत नाही. या पुस्तकातल्या निवेदनांमध्ये हेच निरनिराळ्या तऱ्हेनं घडत राहतं. अमेरिकेत किंवा आखातात विनाकागद राहणाऱ्यांबद्दल आपण वाचतो, तेव्हा ती माणसं देशाची सीमा ओलांडून गेलेली असतात. इथली माणसं रात्री परतूरला देवगिरीच्या नाहीतर नंदीग्रामच्या जनरल डब्यात शिरली आणि सकाळी कल्याणला नाहीतर दादरला उतरली. भाषा तीच, राज्य तेच, सरकारही तेच. असं असूनही शहरात पाणी, धान्य, दवाखाना, शाळा, भाड्याची खोली यांपैकी काहीही मागायला गेलं की पहिला प्रश्न एकच येतो: इथला पुरावा काय?

गंमत म्हणजे, निदान राज्याची सीमा ओलांडली असती तर निदान कायद्याच्या एका कलमात तरी ती बसली असती. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा 1979 सालचा. ठेकेदारामार्फत दुसऱ्या राज्यातून आणलेल्या मजुराची नोंद व्हावी, त्याला प्रवासभत्ता मिळावा, असं त्यात लिहिलं होतं. अंमलबजावणी यथातथाच झाली, पण कागदावर तरी तो मजूर होता. परतूरहून मुंबईला किंवा पुण्याला गेलेला माणूस त्या कायद्याच्या व्याख्येतच येत नव्हता, कारण त्यानं राज्य सोडलेलंच नाही. चारशे किलोमीटर गेला तरी तो सरकारच्या लेखी आपल्या घरीच आहे.

परतूर हे दुधना खोऱ्यातलं तालुक्याचं गाव. निजामाच्या राज्यात ते परभणी जिल्ह्यात होतं. 1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर परभणीतून काढून त्यात घातलं. पुढे मंठा वेगळा तालुका निघाला, तेव्हा काही गावांचा तालुकाही बदलला. म्हणजे 1975 साली जन्मलेल्या माणसाच्या जुन्या कागदावर जिल्हा परभणी, मधल्या कागदावर तालुका परतूर आणि नव्यावर मंठा, हे सहज होऊ शकतं. गाव जागचं हललेलं नाही. गावात हे कुणाला खटकतही नाही. तलाठ्याला ठाऊक असतं, पोस्टमनला ठाऊक असतं. पण शहरातल्या खिडकीवर 'आधी तुमचं ठरवा, परभणी का जालना' असं ऐकून परत आलेले एक गृहस्थ या पुस्तकात भेटतील. त्यांनी त्यावर दिलेलं उत्तर छापण्याजोगं नव्हतं, म्हणून गाळलं आहे.

जमीन काळी, कापूस, तूर, सोयाबीन पिकतं, पाऊस पडला तर. पडला नाही की लोक निघतात. काही मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जातात, काही बांधकामावर, काही वीटभट्टीवर. शहरात जाण्याची मोठी लाट 1972 च्या दुष्काळाची. तेव्हा गावोगाव खडी फोडण्याची कामं निघाली, त्यांतूनच रोजगार हमी योजना उभी राहिली आणि 1977 च्या कायद्यानं तिला पाया मिळाला. परंतु खडी फोडूनही भागेना, तेव्हा मराठवाड्यातली भूमिहीन कुटुंबं, त्यांत दलित मोठ्या संख्येनं, मुंबईला गेली आणि चेंबूर, घाटकोपर, गोवंडी, मानखुर्द या पट्ट्यात स्थिरावली. नंतर 2012-13 चा दुष्काळ आला. जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि लोकांनी त्या तोडून सरपणाला घातल्या. 2016 च्या उन्हाळ्यात घाटकोपरच्या भटवाडीतल्या मैदानावर मराठवाड्यातून आलेल्या शेकडो कुटुंबांनी पालं ठोकली होती. त्यात नांदेडच्या मुखेड भागातले लोक बरेच होते. वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर आले, स्वयंसेवी संस्था आल्या, पुढारी आले. पाऊस सुरू झाला आणि बातमी संपली. सगळी माणसं काही परत गेली नाहीत.

या दोन लाटांत एकाच घरातले भाऊ आहेत, चुलते-पुतणे आहेत. थोरला 1972 चा, धाकट्याचा मुलगा 2013 चा. 1976 साली सरकारनं मुंबईतल्या झोपड्या मोजल्या आणि राहणाऱ्यांना फोटोपास दिले. थोरल्याला तो मिळाला. आज त्याच्या नातवंडांना पुनर्वसनाच्या इमारतीत खोली आहे, लिफ्ट बंद असते ही त्यांची तक्रार आहे. पुतण्या त्याच इमारतीच्या मागच्या नाल्यावर पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहतो आणि शहराच्या लेखी अतिक्रमण आहे. दोघं एकाच गावचे, एकाच कारणानं आलेले. फरक फक्त तारखेचा. ही तारीखही जागची हलत राहते. आधी 1976, मग 1980, मग 1985, मग 1 जानेवारी 1995, मग 1 जानेवारी 2000, आणि आता 2011 पर्यंतच्यांना पैसे भरून घर. माझं स्पष्ट मत असं की ही तारीख निवडणुकीच्या पंचांगात ठरते. 2004 च्या विधानसभा निवडणुकीआधी 2000 पर्यंतच्या झोपड्यांना संरक्षण देण्याचं वचन दिलं गेलं. निवडणूक झाली, आणि त्याच हिवाळ्यात 1995 नंतरच्या झोपड्यांवर बुलडोझर फिरले. मोडलेल्या घरांची संख्या 80-90 हजारांच्या घरात सांगितली जाते. मुख्यमंत्री तेव्हा मराठवाड्याचेच होते, लातूरचे. हे मुद्दाम नोंदवतो, कारण 'आपला माणूस वर बसला की' अशी वाक्यं आमच्या भागात फार बोलली जातात.

कागद आणि फुटपाथ यांचं भांडण देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं तेही मुंबईतूनच. जुलै 1981 मध्ये, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवर राहणाऱ्यांना उठवून आपापल्या गावी पाठवण्याचं जाहीर केलं. तमिळनाडूतल्या सेलमच्या एका भूमिहीन मजुराचं घर मोडून त्याला सेलमच्या बसमध्ये बसवलं गेलं. तो कामाच्या शोधात परत आला. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांनी याचिका केल्या. त्या याचिकांच्या निकालपत्रात एक मराठी माणूस आहे, ज्याच्याकडे आपलं फारसं लक्ष गेलेलं नाही. संगमनेरचा चांभार, गावी दिवसाला सात-आठ रुपये कमवणारा. गावातलं घर पडलं, 1969 मध्ये मुंबईला आला, महिना 350 रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळवायला त्यानं तिथल्या दादाला 300 रुपये दिले, बांबू आणि प्लॅस्टिकला 700 लागले. न्यायालयानं हा हिशेब निकालात उतरवून घेतला आहे, आणि जागा मिळाली म्हणून त्याला नशीबवान म्हटलं आहे.

10 जुलै 1985 ला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठानं सांगितलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे वाक्य पाठ असतं. त्याच निकालात पुढे असंही आहे की फुटपाथ अडवण्याचा हक्क कुणाला नाही, रीतसर नोटीस देऊन हटवता येईल, आणि 1976 च्या मोजणीत ज्यांना ओळखपत्रं मिळाली त्यांना पर्यायी जागा द्यावी. म्हणजे जगण्याचा हक्क सगळ्यांना, जागा कागद असलेल्याला. याच वर्षी 'स्पार्क' या संस्थेनं भायखळा भागातल्या फुटपाथवासीयांची स्वतः मोजणी केली, कारण सरकारी मोजणीत ही माणसं कुठेच येत नव्हती. त्यांतल्या बायकांमधून पुढे महिला मिलन ही संघटना उभी राहिली. हटवण्याची नोटीस येईल तेव्हा हातात निदान आपला आकडा असावा, हा त्यामागचा व्यवहार होता.

आता रोजच्या गोष्टी. पुस्तकाचा मोठा भाग त्यांचाच आहे.

पाणी सगळ्यांत आधी. मुंबई महापालिका 2000 नंतरच्या झोपड्यांना नळजोडणी देत नसे. पाणी हक्क समितीनं याचिका केली, आणि डिसेंबर 2014 मध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं की घर बेकायदा असलं तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही. महापालिकेचं 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण यायला मे 2022 उजाडला. आजही अनेक वस्त्यांत शेजारच्या इमारतीतून, मोटर लावून ओढलेल्या पाइपातून पाणी येतं. पाइपवाल्याला महिन्याचे पैसे द्यायचे, आणि मोजून मिनिटं. अधिकृत नळाच्या पाण्याच्या कितीतरी पट भाव हे लोक मोजतात, आणि फुकटे म्हणून बोलणीही तेच खातात. एक बाई म्हणाल्या, "गावाकडं टँकर येईना म्हनून हितं आलो. हितंबी टँकरच हाय, फक्त हिथं त्येला इकत घ्यावं लागतंय."

रेशनचं दुखणं वेगळं. 2020 पासून 'एक देश, एक रेशनकार्ड' आहे. परतूरच्या कार्डावर मुंबईत धान्य मिळायला हवं, आणि बऱ्याचदा मिळतंही. पण गावी म्हातारे आई-बाप त्याच कार्डावर जगतात. इकडे पोरानं आपल्या वाट्याचं उचललं की तिकडे दुकानदार 'तुमचं मुंबईत गेलं' म्हणून हात वर करतो. मग एकाच कार्डावरून मायलेकांत फोनवर वाद होतात. दुसरी अडचण बोटांची. चुना, सिमेंट आणि विटांनी बोटांची टोकं गुळगुळीत होतात. दुकानातल्या मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा, पुसून ठेवला तरी लाल दिवा. एक बिगारी सांगतो की रेशन आणायच्या आदल्या रात्री तो बोटांना खोबरेल तेल चोळून झोपतो, सकाळी कामावर न जाता आधी दुकान गाठतो. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 ला महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं होतं. त्या वेळी हात राबून गुळगुळीत झालेल्यांचा विचार कुणी केला असेल का, हा प्रश्न या बिगाऱ्यानं मला विचारला नाही, मीच विचारतो.

बांधकाम मजुरांसाठी राज्यात कल्याणकारी मंडळ आहे. मुलांना शिष्यवृत्ती, बाळंतपणाला मदत, अपघातात भरपाई. नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावर उभा राहणारा मजूर आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे. दाखला कोण देणार? ठेकेदार सही करत नाही, कारण सही केली की मजूर आपला होतो. मग वस्तीत एक माणूस तयार होतो जो हे सगळं 'करून देतो'. फोटो, दोन झेरॉक्स आणि ठरलेली रक्कम. या एजंटाला शिव्या घालणं सोपं आहे. मी मात्र इतकंच पाहिलं की सरकार आणि माणूस यांच्यात जेवढं अंतर, तेवढं त्याचं दुकान चालतं, आणि खिडकीवर न मिळणारी एक गोष्ट तो देतो: तो आलेल्याला 'बसा' म्हणतो.

शाळेचं म्हणाल तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. प्रवेश नाकारला जातही नाही. 'कागद घेऊन या, मग बघू' असं म्हटलं जातं. दिवाळीपर्यंत हे चालतं आणि मग मूल लहान भावंडाला सांभाळायला घरी राहतं.

बायकांच्या कागदांची गुंतागुंत पुरुषांच्या कितीतरी पट. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, लग्नानंतर सासरचं, गावात तिसरंच हाक मारायचं नाव, आणि दवाखान्यातल्या कारकुनानं ऐकलं तसं लिहिलेलं चौथं. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला तर त्याच्या नावाशिवाय रेशनकार्डावर वेगळं होणं म्हणजे वर्षभराचे हेलपाटे. या पुस्तकात बायकांची निवेदनं निम्म्याहून जास्त आहेत, कारण घरातली कागदांची पिशवी त्यांच्याच ताब्यात असते. पुरुषांना विचारलं तर ते म्हणतात, "तिला माहीत, ती ठेवते."

पारधी, वडार, कैकाडी, गोसावी या घरांकडे तर पिशवीही पातळ. यांतल्या काही जमातींवर इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो 31 ऑगस्ट 1952 ला पुसला गेला म्हणतात. पण विमुक्त-भटक्यांना जातीचा दाखला हवा तर 21 नोव्हेंबर 1961 ला घरचे लोक महाराष्ट्रात राहत होते याचा पुरावा द्यावा लागतो. जे पालावर राहत होते, रोज गाव बदलत होते, त्यांनी त्या दिवसाचा पत्ता आणायचा कुठून? सिग्नलला गजरे विकणारी परतूर-मंठ्याकडची पोरं पोलिसानं उचलली की आई-बापांनी पहिल्यांदा हेच सिद्ध करायचं असतं की ती त्यांचीच आहेत.

पुराव्याचा हा खेळ जालना जिल्ह्याला नवा नाही, हेही सांगायला हवं. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी उपोषण झालं, आणि सरकारनं न्यायमूर्ती शिंदे समिती नेमून निजामकाळातल्या उर्दू आणि मोडी नोंदी शोधायला सुरुवात केली. आंदोलनाच्या बाजूनं किंवा विरुद्ध मला इथे काही म्हणायचं नाही. संख्या आणि आवाज असला की सरकार दप्तरखान्यात शिरून शंभर वर्षांपूर्वीचा कागद हुडकतं, एवढं मात्र सगळ्यांनी पाहिलं. पालावरच्या बाईनं तोच कागद स्वतःच आणायचा असतो.

2025 च्या जानेवारीपासून हे सगळं आणखी अवघड झालं आहे. बांगलादेशींना जन्माचे दाखले दिले गेले असा आरोप झाला, तेव्हा राज्य सरकारनं उशिरा केलेल्या जन्मनोंदीची प्रमाणपत्रं देणं थांबवून तपास पथक नेमलं, नंतर नियम कडक केले. आरोपांची चौकशी व्हावी, त्यात वाद नाही. पण घरी सुईणीच्या हातून जन्मलेल्या आणि नोंद न झालेल्या माणसाला उशिराची नोंद हाच एक रस्ता असतो, आणि तो रस्ता बंद झाला की बंद सगळ्यांना होतो. त्याच वर्षी जून महिन्यात मुंबई-ठाणे परिसरातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशाच्या हद्दीत ढकललं गेलं, आणि ते भारतीय असल्याचं कळल्यावर परत आणावं लागलं. त्यांच्याकडेही कागद होते. आमच्या परतूरच्या माणसावर ही वेळ येणार नाही, तो मराठी बोलतो, असं मला दोन-तीन जणांनी ठणकावून सांगितलं. मानखुर्दच्या खोलीत मात्र असं कुणी म्हटलं नाही. तिथे भिंतीपलीकडे मुर्शिदाबादचं कुटुंब राहतं आणि पाइपाचे पैसे दोन्ही घरं मिळून भरतात.

आणि परतूरकर फक्त जाणाराच आहे असंही नाही. त्याच रेल्वेमार्गावर जालन्यातल्या पोलाद कारखान्यांत मध्य प्रदेश, बिहार, उत्तर प्रदेशातले मजूर राबतात. टाळेबंदीत त्यांतले काही गावी निघाले. प्रवासाचा पास मिळत नव्हता, भुसावळहून गाडी मिळेल या आशेनं ते रुळांवरून चालत गेले आणि थकून रुळांवरच झोपले. 8 मे 2020 च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली 16 जण गेले. उमरिया आणि शहडोल जिल्ह्यांतले. परतूरहून मुंबईला जाणारी प्रत्येक गाडी त्या जागेवरून जाते. जालना त्यांच्यासाठी मुंबई होती. तिथल्या भाड्याच्या खोल्यांत, रेशनच्या दुकानांत आणि पोलीस चौकीत त्यांना काय विचारलं जात होतं, हे आम्ही जालनेकरांनी एकमेकांना कधी विचारलं नाही. या पुस्तकात शेवटी त्या कामगारांच्या सोबत्यांची दोन निवेदनं घेतली आहेत. ती हिंदीत झाली, मराठी करताना शक्य तितकी जशीच्या तशी ठेवली आहेत.

भाषेबद्दल थोडं. बोलणाऱ्यांची मराठवाडी बोली आम्ही सारखी केलेली नाही. दहा वर्षं मुंबईत काढलेला माणूस एकाच वाक्यात 'जातेत' आणि 'जातात' दोन्ही म्हणतो, ते तसंच आहे. जिथे आकडे सांगितले तिथे बोलणाऱ्याची आठवण प्रमाण मानली आहे, फक्त सरकारी तारखा तपासून दुरुस्त केल्या.

नावं सगळी बदलली आहेत. हे करताना आम्ही प्रत्येकाला विचारलं की तुमची ओळख लपवायची तर काय काय काढू. अपेक्षा अशी होती की लोक गावाचं नाव काढा म्हणतील, कारण गावात चर्चा होते. झालं उलटं. बहुतेकांनी गाव राहू द्या म्हणून सांगितलं; काहींनी तर शिवाराचं आणि जवळच्या फाट्याचंही नाव घालायला लावलं. वस्तीचं, गल्लीचं, खोलीच्या मालकाचं आणि पाणी देणाऱ्याचं नाव मात्र सगळ्यांनी खोडायला सांगितलं. त्यामुळे निवेदनांत परतूर, आष्टी, वाटूर, सातोना ठिकठिकाणी दिसतील, आणि मुंबई सगळीकडे नुसती मुंबई आहे.